बुचावरचा हात सोडू नका

घरी चार माणसं जेवायला बोलवावीत आणि स्पार्कलिंग वाईनची बाटली उघडावी, यात आता नवल राहिलेलं नाही. १९८० च्या दशकात ही वाईन नारायणगावला होऊ लागली, आता नाशिकजवळ दिंडोरीलाही होते. पण बूच छतावर आदळल्याशिवाय पार्टी झाली असं काहींना वाटतच नाही. माझं भांडण आहे ते तिथे.

बाटलीच्या आत पाच-सहा वातावरणांइतका, म्हणजे बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब असतो. आपल्या कुकरची शिट्टी होते ती जेमतेम एका जादा वातावरणाला. आता सांगा, वाफ कोंडलेल्या कुकरचं झाकण तुम्ही कधी ओढता का? थांबता. घाई असली तर कुकर नळाखाली धरता. मग कितीतरी जास्त दाबाची बाटली पाहुण्यांच्या तोंडासमोर कशी उघडता? कुकरसारखीच ती आधी गार करा. गार वाईनमध्ये वायू मुरून राहतो, उसळत नाही. फ्रीजमध्ये निदान तीन तास ठेवा. नाहीतर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून अर्धा तास. नुसता बर्फ नको, पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं. गाडीतून हिंदकळत आलेली बाटली तर लगेच उघडूच नका.

आता बूच. तारेची जाळी सैल केली की बूच केव्हाही सुटू शकतं, म्हणून त्या क्षणापासून अंगठा त्यावरच हवा. जाळी काढायचीही गरज नाही. वर नॅपकिन धरा, बाटली तिरकी करा, तोंड माणसांकडे नको. बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा. पुन्हा सांगते, फिरवायची बाटली, बूच नाही. ते वर येऊ लागलं की उलट खाली दाबून धरा. हलकासा फुस्स आवाज झाला की झालं. सुटलेलं बूच ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेग घेऊ शकतं, आणि डोळ्यावर बसलं तर दृष्टी जाऊ शकते. घरात मुलं असतात हो!

ओतताना आधी बोटभर ओता, फेस बसू द्या, मग भरा. ७५० मिलिलिटरमध्ये सहा ग्लास होतात. ग्लासला साबण राहिला तर फेस टिकत नाही. ग्लास उभट घ्यावा की पसरट, तेही सांगायचं होतं, पण वेळ संपली. बाटली गार, हात बुचावर, एवढं आजच्या रात्री करा.