आधी नकाशा, मग इसार



पिरंगुटच्या डोंगरउतारावर ड्रोन फिरतो. एकाच जागेचे अनेक फोटो जुळवून जमिनीची उंची काढतो. खरेदीदाराच्या हाती चढउताराचा नकाशा, आपल्या हाती सातबारा! सातबारा चढ सांगत नाही. १:५ हून तीव्र डोंगरउतारावर बांधकामाला मनाई, म्हणजे भाव त्या नकाशावर ठरतो. तो आपण इसार घेण्याआधीच मागायचा.

मात्र फोटोतला बांध म्हणजे हद्द नव्हे. झाडाखालचा दगड ड्रोनला दिसत नाही. हद्दीला भूमी अभिलेखची मोजणीच लागते. पुरंदरच्या सोनोरीत ड्रोनने मोजणी झाली, पण ती गावठाणाची. २०२० ची स्वामित्व योजनाही गावठाणातल्या घरांसाठी. आपले शिवार तिच्यात नाही.