उंबऱ्याच्या आत शिरलेली साथ
(व्याख्यानाचा संपादित अंश)



१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात माणसांना कडक ताप भरू लागला, काखेत आणि जांघेत गाठी उठू लागल्या. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे निदान केले. पुढील काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती बोचकी बांधून बाहेर पडली. गिरण्यांना मजूर मिळेनात. साथ पुण्यासही पोहोचली.

फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा कायदा! (मार्च २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा महाराष्ट्रात याच कायद्याचा आधार घेतला गेला आणि घरी विलग राहणाऱ्यांच्या हातावर शिक्के उमटले.) पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीने घरझडतीसाठी गोरे सोजीर नेमले. बूट घातलेली पावले माजघर, स्वयंपाकघर ओलांडून थेट देवघरापर्यंत पोहोचली. अंथरूण-पांघरूण रस्त्यावर आणून जाळले जाई. रोग्याला उचलून इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. परिणाम काय झाला? घरात कुणाला ताप आला की आधी वैद्य आठवत नसे, सोजीर आठवत. मग आजारी माणूस माळ्यावर वा अडगळीच्या खोलीत दडवला जाई. लपवलेला रोग घरभर पसरे.

रोग्याला वेगळे ठेवणे आवश्यकच होते, आणि ‘केसरी’नेही ते नाकारले नव्हते. वाद होता तो रीतीचा. शिवाय ज्या पिसवेमुळे रोग उंदराकडून माणसाकडे येतो, तिचा शोध पॉल-लुई सिमाँ यांना कराचीत लागला तो १८९८ मध्ये. तोवर घरे धुतली, कपडे जाळले, पण खऱ्या वाहकाकडे कोणाचे लक्ष नव्हते.

अशा वेळी जे गावात थांबले, त्यांच्यामुळेच लोकांना धीर आला. अनेक प्रतिष्ठितांनी पुणे सोडले. लोकमान्य टिळक मात्र शहरातच राहिले आणि त्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभे केले. हडपसरजवळ सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी दवाखाना उघडला. घराघरांतून दडवल्या जाणाऱ्या रोग्यांना सावित्रीबाई स्वतः तेथे आणीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला तर त्यांनी पाठीवर घालून आणले, असे सांगतात. त्या शुश्रूषेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.