फुकट कोणासाठी, आणि कोणाच्या पोटावर?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या कलापथकापुढे केलेले भाषण)

साथींनो,

आपल्यापैकी काही जण दिवसा रुळांवर राबतात, टपालाची छाननी करतात आणि रात्री संगणकावर गाणी ध्वनिमुद्रित करतात. मध्यंतरी गाणी विकणाऱ्या एका निर्मात्याचे काम आम्ही हौसेने फुकट करून दिले. "तुमचे नाव होईल," एवढेच त्याचे आश्वासन होते. पुढे समजले की तेच काम आधी एका ध्वनिमुद्रकाकडे होते. त्याची चूल त्याच कामावर पेटते. त्याला ऐकवण्यात आले, "पोस्टातली माणसे फुकट करतात, तुला पैसे कशाचे द्यायचे?" साथींनो, ही चूक आमची होती. ती आज तुमच्यासमोर कबूल करतो.

बाहेरच्या माणसाला वाटते, बटण दाबले की गाणे तयार. प्रत्यक्षात ढोलकी, पेटी आणि गळा वेगवेगळे टिपायचे, खरखर काढायची, शब्द वाद्याखाली दबू नयेत म्हणून पातळ्या पुन्हा पुन्हा जुळवायच्या. चार मिनिटांच्या गाण्याला रात्री जातात. हे श्रम आहेत. जादा तासांच्या भत्त्यासाठी भांडणारे आपण. दुसऱ्याच्या रात्रीची किंमत शून्य कशी धरू?

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवणे बंद केले. रेकॉर्ड वाजू लागली आणि वादक घरी बसू लागला, ही त्यांची तक्रार होती. शेवटच्या मोठ्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये नमल्या. विकलेल्या रेकॉर्डमागे रक्कम निधीत जमा होऊ लागली, आणि त्या निधीतून वादकांना मोबदला देऊन लोकांसाठी विनातिकीट कार्यक्रम झाले. म्हणजे ऐकणाऱ्याला फुकट, पण वाजवणाऱ्याला दाम! हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट कायदा दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरील हक्क बळकट केला. ध्वनिमुद्रकाला तसा वाटा त्या दुरुस्तीने दिला नाही. त्याच्या हाती ठरलेली मजुरी तेवढीच. तीच आपण बुडवली, तर त्याच्याजवळ उरले काय?

मग फुकट करूच नये का? तसे आमचे म्हणणे नाही. मोर्चाचे गाणे, संपाचा निधी, निवृत्त साथीचा सत्कार, यांसाठी आम्ही पैसा घेणार नाही आणि कामात कसूरही करणार नाही. कामगारांच्या मुलामुलींना ही कला शिकवायची झाली, तर तीही विनामूल्य शिकवू. ती आपली आपसातली देवघेव आहे.

परंतु जेथे गाणे विकले जाणार आहे, तेथे फुकट काम म्हणजे मालकाला देणगी, आणि तीही दुसऱ्या कामगाराच्या खिशातून. आपल्याला दरमहा पगार आहे, म्हणून ही हौस परवडते. शिवाय सेवानियमांप्रमाणे परवानगीशिवाय असा धंदा आपल्याला करता येत नाही. तेव्हा असे काम आले, तर ते या कामावर जगणाऱ्याकडे पाठवावे आणि दर त्यालाच ठरवू द्यावा.

कोणी फुकट मागितले, तर एकच विचारा: याचा पैसा कोणाच्या गल्ल्यात जाणार? उत्तरातच आपला निर्णय आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!