न फिरणारा पंखा

पाताळगंगेच्या कांठावरील रसायनी या वसाहतीनें आपलें नांवच मुळीं रसायनांवरून घेतलें आहे. १९६० सालीं हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली व तिचा कारखाना येथें उभा राहिला. रासायनिक कारखान्यांत पदार्थ तापविण्याला जितकें महत्त्व, तितकेंच तो निवविण्याला असतें. उष्णता योग्य वेळीं बाहेर गेली नाहीं, तर काय अनर्थ होतो, हें येथील कामगाराला सांगावें लागत नाहीं. परंतु हाच मनुष्य आपल्या दारांतील मोटारीचा पंखा फिरेनासा झाला म्हणजे गांगरतो आणि कोणी सांगेल तो सुटा भाग विकत घेऊन येतो. वस्तुतः कारखान्यांत जी विचारपद्धति तो रोज वापरतो, तीच येथेंहि पुरेशी आहे.

असें समजूं या कीं, रसायनींतील एका गृहस्थानें मे महिन्यांतील एका रविवारीं, वृद्ध आई, पत्नी व लहान मुलगी यांच्यासह आपल्या जुन्या मोटारींतून लोणावळ्याचा रस्ता धरला. दांड फाट्यापासून चौक, खालापूर, खोपोलीपर्यंत प्रवास सुखाचा झाला. एसी चालू होता व उष्णता दाखविणारा कांटा मध्यावर स्थिर होता. घाट लागतांच इंजिनावरील भार कमी व्हावा म्हणून त्यानें एसी बंद केला. शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे वाहनांची रांग थबकली, आणि पांचसहा मिनिटांतच कांटा तांबड्या खुणेला भिडला. गृहस्थानें बॉनेट उघडून पाहिलें, तों पंखा निश्चल!

अशा वेळीं पहिला मोह होतो, तो रेडिएटरचें झांकण उघडून पाणी ओतण्याचा. हा मोह कटाक्षानें टाळला पाहिजे. झांकणामुळें आंतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां बराच अधिक राखलेला असतो. म्हणून एरवीं १०० अंश सेल्सिअसला उकळणारें पाणी तेथें सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. झांकण फिरवितांच तो दाब नाहींसा होतो आणि तेंच पाणी एका क्षणांत उकळून तोंडावर उसळतें. पंख्याजवळ बोटें नेणेंहि तितकेंच धोक्याचें, कारण कांहीं गाड्यांत इंजिन बंद असतांनाहि तो अकस्मात् फिरूं लागतो. सुज्ञ मनुष्य गाडी कडेला घेतो, इंजिन बंद करतो, माणसांना सुरक्षित जागीं उतरवितो आणि निदान अर्धा तास स्वस्थ थांबतो. हा अर्धा तास ज्याला फार वाटतो, त्याचें इंजिन पुढें गॅसकेट जळून व माथें वांकडें होऊन बसतें. मग खर्च पंख्याच्या कितीतरी पट येतो.

आमच्या गृहस्थानें तितका धीर धरला. गाडी निवल्यावर, वाटेंत थांबत थांबत, तो खोपोलीस उतरला. तेथील एका कारागिरानें वरवर पाहून निकाल दिला, "पंखा मोटरीसकट बदला." किंमत ऐकून गृहस्थ घरीं परतला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं शांतपणें विचार करूं लागला.

पूर्वीं अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत पंखा इंजिनाच्याच पट्ट्यानें फिरत असे. पट्टा शाबूत तर पंखा शाबूत. निदान तेथेंच संपे. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० आली. अशा गाड्यांत इंजिन आडवें बसविलेलें असल्यामुळें त्याच्या पट्ट्याचें तोंड रेडिएटरकडे येत नाहीं. म्हणून पंख्याला विजेची स्वतंत्र मोटर द्यावी लागते. लाभ असा कीं, पंखा गरज असेल तेव्हांच फिरतो. मात्र ती गरज ओळखून हुकूम पोंचविणारी एक साखळी त्यामुळें निर्माण झाली. पाण्याची उष्णता ओळखणारा स्विच किंवा सेन्सर, त्याचा निरोप घेऊन मोठा प्रवाह सोडणारा रिले, संरक्षणासाठीं फ्यूज, तारा, आणि सर्वांच्या शेवटीं मोटर. पंखा हा या साखळींतील शेवटचा सेवक होय. हुकूमच पोंचला नाहीं, तर सेवकाला बडतर्फ करून काय साधणार?

म्हणून प्रश्न क्रमानेंच विचारले पाहिजेत. पहिला प्रश्न पाण्याचा. गाडी पूर्ण थंड असतां गृहस्थानें झांकण काढून पातळी पाहिली. ती ठीक होती. पाणी कमी असतें, तर उष्णता ओळखणारा स्विच कोरडा लोंबकळला असता आणि इंजिन तापूनहि त्याला त्याची जाणीव झाली नसती. तसेंच इंजिन तापलें असूनहि रेडिएटर थंड राहत असेल, तर थर्मोस्टॅट मिटलेला राहिला असें समजावें; तेथेंहि पंखा निर्दोषच असतो.

दुसरा प्रश्न असा कीं, सपाटीवर सर्व ठीक असतां घाटांतच हें संकट कां आलें? वेगांत असलेल्या गाडीच्या रेडिएटरवर समोरचा वारा आपोआप येतो. पंख्याची खरी परीक्षा गाडी थांबल्यावर होते. शिवाय बहुतेक गाड्यांत एसी लावला कीं, पंखा त्याच्यासाठींहि फिरतो. गृहस्थाला आठवलें, घाटांत एसी आपणच बंद केला होता. त्यानें अंगणांत इंजिन चालूं करून एसी लावला, आणि ज्या पंख्याला मृत ठरविलें होतें, तो भरभर फिरूं लागला!

एवढ्या एका प्रयोगानें मोटर दोषमुक्त झाली. पंखा तेव्हांहि फिरला नसता, तर फ्यूज पाहावा लागला असता. जळालेल्या फ्यूजच्या जागीं तितक्याच शक्तीचा फ्यूज घालावा. जाड तार घालणें म्हणजे आगीला आमंत्रण. मग त्याच क्रमांकाचा दुसरा रिले बदलून पाहावा. आणि टेस्ट लॅम्पनें मोटरीच्या प्लगापर्यंत वीज येते कीं नाहीं, अर्थिंग नीट आहे कीं नाहीं, हें तपासावें. वीज व अर्थिंग दोन्हीं ठीक असून मोटर गप्प असेल, तरच ती बदलावी.

येथें संशय उरला तो उष्णतेच्या स्विचवर. त्याचा प्लग काढतांच आंतील पितळेवर हिरवा गंज दिसला. कोंकणांत चार महिने पाऊस कोसळतो. असे सांधे गंजले तर नवल नाहीं. गृहस्थानें प्लग घासून स्वच्छ केला व घट्ट बसविला. मग एसी बंद ठेवून, कांट्यावर नजर ठेवीत त्यानें इंजिन तापूं दिलें. कांटा मध्याच्या किंचित् वर सरकला आणि पंखा आपण होऊन फिरूं लागला; थोड्या वेळानें आपण होऊनच थांबला. पत्र्याच्या एका तुकड्यावरील गंजानें एवढें कुटुंब घाटांत अडकविलें होतें.

हल्लींच्या गाड्यांत निरोप्याचें काम संगणक करतो. तेथें तारा जोडून पाहण्याचें धाडस घरच्या मनुष्यानें करूं नये, जाणत्याकडून स्कॅनर लावून घ्यावा. परंतु जाणत्याकडे जातांनाहि "पंखा बिघडला" असें न सांगतां, "एसी लावला कीं फिरतो, नुसत्या उष्णतेनें फिरत नाहीं" असें सांगावें. पहिल्या वाक्यानें नवा पंखा विकत घ्यावा लागतो. दुसऱ्यानें खरा दोष सांपडतो. आणि पुढच्या रविवारीं म्हाताऱ्या आईला घाटांतील उन्हांत रस्त्याच्या कडेला उभें राहावें लागत नाहीं.