संगणकाची किल्ली कुणाच्या हाती?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपुष्टात आणला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि कंपनीच्या यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. परिणामी, ज्यांतला एकही भाग बिघडलेला नाही अशी असंख्य यंत्रे एका तारखेने म्हातारी ठरली. ती चालतात, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यांना पूर्वीसारख्या मिळत नाहीत. विणकराने माग स्वतःच्या पैशाने घ्यावा आणि तो केव्हा निकामी ठरावा हे माग विकणाऱ्याने ठरवावे, तसाच हा प्रकार होय.

अशा वेळी लिनक्सची आठवण होते, आणि 'फुकट मिळते' एवढ्या एका गोष्टीवर बहुधा चर्चा संपते. वस्तुतः फुकटपणा हा त्यातला सर्वांत गौण गुण. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ साली लिनस तोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. त्यामागची मूळ कल्पना अशी की, आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे असावा. अधिकार कागदावर असून भागत नाही, तो वापरण्याचे कौशल्यही लागते. खरी अडचण तेथे आहे.

केरळचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील शाळांत संगणकशिक्षण सुरू झाले तेव्हा अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या उत्पादनांभोवती रचलेला होता. त्याला शिक्षक संघटना व मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी विरोध केला. क्रमाक्रमाने बदल होत २००७ पासून दहावीची संगणकाची परीक्षा पूर्णतः मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ लागली. या बदलाचा भार वाहिला तो गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्या साध्या शिक्षकांनी. प्रणाली बसविणे, बिघाड काढणे हे ते शिकले आणि इतरांना शिकविले. सरकारी आदेश निघाला असता आणि हे शिक्षक नसते, तर यंत्रे कोपऱ्यात धूळ खात पडली असती. अशी धूळ महाराष्ट्रातल्या शाळांनीही पाहिली आहे.

शिकायचे ते फार नाही, मात्र सवय मोडावी लागते. विंडोजवर माणूस एखादे सॉफ्टवेअर हवे झाले की इंटरनेटवर शोधतो, मिळेल तेथून उतरवून घेतो आणि न वाचता 'नेक्स्ट' दाबत जातो. डेबियन, उबुंटू यांसारख्या लिनक्समध्ये याची जागा भांडाराने घेतली आहे. हजारो पॅकेजे तेथे तपासून ठेवलेली असतात. एका पॅकेजला दुसरे लागत असेल तर 'ॲप्ट' ही व्यवस्था तेही सोबत आणते आणि भांडाराची डिजिटल स्वाक्षरी जुळल्याखेरीज काही स्वीकारत नाही. 'ॲप्ट अपडेट' या आज्ञेने काहीच बदलत नाही, केवळ भांडाराची यादी ताजी होते. प्रत्यक्ष नवी आवृत्ती बसते ती 'ॲप्ट अपग्रेड'ने. नवख्यांचा घोळ नेमका येथे होतो. या आज्ञांआधी 'सुडो' लिहावे लागते. मग पासवर्ड विचारला जातो आणि तो टंकताना पडद्यावर ठिपकाही उमटत नसल्यास कळफलक मोडला असे समजण्याचे कारण नाही.

प्रारंभी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येते. वायफाय, प्रिंटर व ध्वनी चालतात की नाही हे डिस्कला हात न लावता कळते. त्यानंतरच, फायलींची प्रत बाजूला काढून, ते बसवावे. अनोळखी ठिकाणची आज्ञा उचलून सुडोसह चालविणे म्हणजे घराची किल्ली वाटसरूच्या हाती देणे.

मुक्त म्हणजे आपोआप सुरक्षित, असा दावा मात्र कोणी करू नये. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत कोणीतरी चोरवाट पेरल्याचे उघड झाले. लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर का लागतो, या कुतूहलातून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती शोधली. आज्ञावली उघडी होती म्हणूनच त्याला मुळापर्यंत जाता आले. (हा अभियंता मायक्रोसॉफ्टचाच नोकर, हा योगायोगही नोंदण्याजोगा.) दूषित आवृत्ती डेबियनच्या स्थिर शाखेत पोचली नव्हती. परंतु त्या आज्ञावलीचा सांभाळ मुख्यतः एकच थकलेला स्वयंसेवक करीत होता. ज्याच्या श्रमावर मोठमोठे उद्योग उभे आहेत त्याला मोबदला नाही, हा प्रश्न लिनक्सच्या जगातही सुटलेला नाही.

मराठी कार्यालयांपुढे आणखी एक अडसर आहे, आणि तो लिनक्सने निर्माण केलेला नाही. वर्षानुवर्षांचा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला आहे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्याची निरर्थक अक्षरे होतात. स्थलांतराआधी तो युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरांपाशी थांबत, कोणीतरी बसून तपासला पाहिजे. हे काम वेळखाऊ आहे. त्यानंतरचे सोपे: इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये मिळतो, सेटिंगमध्ये जाऊन मराठी तेवढी निवडायची असते.