करवत हातात घेताना

(घोटी, ता. इगतपुरी येथे परिसरातील महिला मंडळे आणि बचत गट यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘हस्तकला’ असं छापलंय. त्यामुळे बऱ्याच जणींना वाटलं असेल, की ही बाई लोकर नाहीतर कागदाची फुलं घेऊन आली असणार. मी पिशवीतून काय काढलं ते तुम्ही पाहिलंतच. ही फ्रेटची करवत. धनुष्यासारखी खोल लोखंडी कमान, तिला मूठ, आणि दोन टोकांमध्ये ताणून बसवलेलं वीतभरापेक्षाही कमी लांबीचं पातं. पातं इतकं बारीक, की लांबून दोरा ओवल्यासारखा दिसतो. हिने पातळ लाकूड हव्या त्या वळणाने कापता येतं. हेच काम विजेवर करणारं यंत्र मिळतं, त्याला स्क्रोल सॉ म्हणतात. शिवणयंत्राची सुई जशी एका जागी वरखाली होते, तसं त्यातलं पातं वरखाली होतं आणि आपण लाकूड फिरवायचं.

मी गेली बारा वर्षं हे काम करते आहे. पोटासाठी नाही, हौसेसाठी. ‘हौस’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आपल्या चळवळीत आपण हक्क, हिंसा, मजुरी, जमीन, रेशन यांवर बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण बाईच्या हौसेबद्दल आपण फारसं बोलत नाही. जणू ती पुरुषांची आणि पैसेवाल्यांची मिरास आहे!

छंदाला काय लागतं? वेळ लागतो, थोडी जागा लागते आणि आपल्या मालकीचं हत्यार लागतं. बाईकडे या तिन्हींतलं काय असतं ते बघू. 2019 साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी 299 मिनिटं तेव्हा त्यात जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात थोडे, आणि त्यांची सरासरी होती 97 मिनिटं. त्यावर आपल्याकडे आवणी, सोंगणी, गुरं, पाणी हे वेगळंच. जागेचं म्हणाल तर घरात पुरुषाची खुर्ची असते, मुलांचं अभ्यासाचं टेबल असतं, देवाला देव्हारा असतो. बाईची म्हणून जागा दाखवा म्हटलं तर सगळी बोटं चुलीकडे वळतात. आणि हत्यारं? विळी, खुरपं, सुई, कात्री. घरात हातोडी आणि पक्कड असते, पण ती ‘त्यांची’ असते, आणि पंख्याचा खिळा ठोकायला आपण संध्याकाळपर्यंत त्यांची वाट बघतो.

हे असंच का, याचा जरा विचार करा. सुतार हा बलुतेदार. सुताराच्या घरातली बाई लाकूड धरते, भुसा गोळा करते, घासते, रंग देते. पण ‘सुतारीण’ म्हणजे सुतारकाम करणारी नव्हे, सुताराची बायको. भाषेनेच तिचं कौशल्य पुसून टाकलं. दसऱ्याला हत्यारं पुजायची तेव्हा हळदकुंकू तिने आणायचं, आणि विटाळ असेल तर त्याच हत्यारांपासून लांब बसायचं. ज्याला हात लावायचा नाही, ते शिकायचं कसं?

दुसरं उदाहरण वारल्यांचं. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचा मान परंपरेने सवाष्ण बायकांचा. 1970 च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली, बाजारात आणि प्रदर्शनांत गेली. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा थोर कलावंत त्यातून जगाला कळला, याचा आनंदच आहे. पण त्याबरोबर हेही घडलं, की बायकांची कला पुरुषांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कलेला पैसा आणि प्रतिष्ठा मिळायला लागली की बाई मागच्या रांगेत जाते, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

आता उलटं उदाहरण देते. लाकडावर नकाशा चिकटवून त्याचे तुकडे कापायचे आणि मुलांनी ते जुळवायचे, हा खेळ लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्याने 1760 च्या दशकात विकायला काढला. पुढे दीडशे वर्षांनी अमेरिकेत मोठ्या माणसांना या खेळाचं वेड लागलं. 1908-09 च्या सुमारास सेलम गावातल्या पार्कर ब्रदर्स या कंपनीने लाकडी कोडी कापायला बायका कामाला लावल्या. का? पायाने चालवायची करवत आणि पायाने चालवायचं शिवणयंत्र ही दोन्ही सारखीच दिसतात आणि सारखीच चालतात म्हणून! एकेका बाईने दिवसाला 1400 तुकडे कापावेत अशी अपेक्षा असे. ही कारखान्याची राबणूक होती, तिचं कौतुक मी करत नाही. पण ‘बायकांच्या हाताला करवत झेपत नाही’ म्हणणाऱ्याला हे जरूर सांगा. मालकाला गरज पडली तेव्हा ती बरोबर झेपली.

आपल्याकडेही दाखले आहेत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या शिक्षणात मुली आणि मुलगे दोघेही वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, शेती, स्वयंपाक हे सगळं शिकतात. केरळात कोट्टायमकडे अर्चना विमेन्स सेंटरने बायकांना गवंडीकाम आणि सुतारकाम शिकवलं. म्हणजे अडचण हाताची नाही. हत्यार कोणाच्या हातात द्यायचं, हे कोण ठरवतं याची आहे.

मी पहिलं पातं आणायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, “मुलाच्या शाळेसाठी का?” मी म्हटलं, “नाही, मला.” त्याने पुन्हा विचारलं, “म्हणजे साहेबांना?” तेव्हा हसू आलं. पण अशा प्रश्नांनीच कितीतरी बायका दुकानाच्या पायरीवरून परत फिरतात. म्हणून पहिल्यांदा दोघी-तिघी मिळून जा. मागायचं काय ते नीट सांगा: फ्रेटची करवत, डझनभर बारीक पाती, तीन-चार मिलिमीटरचं प्लायवुड, एक क्लँप, पॉलिश पेपर. यंत्राची घाई करू नका. ते महाग असतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती असते हे मी तुम्हाला सांगायला नको. हाताची करवत विजेची मिंधी नसते.

लाकडाचंही सांगते. सागाच्या मागे लागू नका. तो कठीण, महाग, आणि स्वतःच्या बांधावरचा साग तोडायलासुद्धा परवानगी लागते. प्लायवुडमध्ये पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे बारीक नक्षीसुद्धा सहजी मोडत नाही. साधं लाकूड घेतलं तर त्याचे रेषे बघा. नक्षीचा नाजूक भाग रेषांच्या दिशेने ठेवा, नाहीतर तो कट्‌दिशी तुटतो. इगतपुरी-घोटीच्या पावसात लाकूड ओल धरतं आणि वाकतं, म्हणून प्लायवुड भिंतीला टेकवून उभं करू नका; सपाट, कोरड्या जागी, वर वजन देऊन ठेवा.

आता काम कसं करायचं? टेबलाच्या किंवा बाकाच्या कडेला एक फळी क्लँपने पक्की आवळायची. तिचा पुढचा भाग बाहेर काढायचा आणि त्यात इंग्रजी व्ही सारखी खाच पाडायची. लाकूड या खाचेवर ठेवायचं, पातं खाचेत वरखाली चालवायचं. पात्याचे दात खाली, मुठीकडे तोंड करून असावेत, म्हणजे करवत खाली येताना कापते आणि लाकूड फळीवर दाबलेलं राहतं. पातं ताणून बसवा. बोटाने छेडलं तर तुणतुण्याच्या तारेसारखा आवाज यायला हवा. सैल पातं भरकटतं आणि तुटतं.

जोर लावायचा नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. करवत सरळ उभी, हलक्या हाताने चालू द्यायची. वळण आलं की लाकूड फिरवायचं, करवत नाही. टोकदार कोपरा आला तर पुढे न ढकलता जागच्या जागी करवत चालू ठेवून लाकूड हळूहळू वळवायचं. पाती तुटतीलच. सुया तुटल्या म्हणून आपण शिवण सोडतो का? पाती डझनाने मिळतात ती त्यासाठीच.

आतली नक्षी कापायची तर आधी गिरमिटाने भोक पाडायचं, पात्याचं एक टोक सोडवून भोकातून ओवायचं आणि पुन्हा आवळायचं. आधी आतल्या सगळ्या खिडक्या कापा, बाहेरची कडा शेवटी, म्हणजे धरायला जागा राहते. ज्यांनी कापडावर कटवर्क केलंय किंवा रांगोळीचे छापे कापलेत, त्यांना जाळीचं गणित आधीच माहीत आहे: काय काढायचं त्यापेक्षा काय राहणार ते बघायचं, आणि राहिलेला प्रत्येक भाग कुठे ना कुठे जोडलेला हवा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला नक्षी शिकवावी लागत नाही. ती कागदावर काढा, कार्बनने लाकडावर उतरवा आणि सुरू करा.

पहिल्या दिवशी फक्त सरळ रेषा, मग नागमोडी, मग एक कैरी. दुसऱ्या आठवड्यात मासा. मग मुलीचं नाव. पहिली कैरी भोपळ्यासारखी दिसली तरी ती टाकू नका, तारीख घालून ठेवा. सहाव्या कैरीशेजारी ती ठेवली की आपण किती पुढे आलो ते दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही.

काळजी मात्र घ्यायची. पदर खोचा, ओढणी बांधा, केस वर घ्या, लोंबतं मंगळसूत्र आत टाका. यंत्रावर काम करायचं असेल तर बांगड्याही काढा. “बांगड्या कशा काढायच्या?” असं कोणी विचारलं, तर तो प्रश्नही मंडळात चर्चेला घ्या. बोटं पात्याच्या समोर नकोत, बाजूला हवीत. बारीक भुसा छातीत जाऊ देऊ नका. नाकातोंडावर रुमाल बांधा किंवा मास्क लावा, आणि घासकाम अंगणात करा. एमडीएफ नावाचा दाबलेला पुठ्ठ्यासारखा बोर्ड स्वस्त मिळतो, पण त्याचा भुसा फार बारीक असतो आणि त्यात रसायनयुक्त डिंक असतो. नवख्या बाईने, लहान मुलं असलेल्या घरात, तो टाळावा.

आता तुमच्या मनातला प्रश्न: “ताई, हे विकलं जाईल का?” प्रत्येक शिबिरात हा येतोच. त्यात चूक नाही, आपल्याला पैशाची गरज आहे. सावंतवाडीत चितारआळीत लाकडी फळं, खेळणी, पाट विकून घरं चालतात. काम सफाईदार झालं तर तुमच्या नावाच्या पाट्या आणि चाव्यांचे खुंटाळेही विकले जातील. पण पहिल्या दिवसापासून किंमत लावू नका. पापड, लोणची, शिवण, मसाले. बाईला शिकवलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘उत्पन्न किती’ हा प्रश्न चिकटवला गेला. नवरा नाक्यावर तासभर पत्ते खेळला तर त्याला कोणी उत्पन्न विचारत नाही. आपल्या एका तासाचा हिशेब मात्र आपण स्वतःच मांडत बसतो. आठवड्यातला एक तास हिशेबाबाहेर ठेवणं हीसुद्धा एक मागणी आहे, आणि ती आधी स्वतःकडे करावी लागते.

हा तास घरात भांडणाशिवाय मिळेलच असं नाही. “हे काय पुरुषी काम काढलंस” असं ऐकावं लागेल. एकटीने ते ऐकणं जड जातं. म्हणून मी एक साधी सूचना मांडते. प्रत्येक मंडळाने एक पेटी करावी: चार करवती, पाती, दोन क्लँप, गिरमिट, कानस, पॉलिश पेपर. पेटी मंडळाच्या मालकीची, किल्ली आळीपाळीने. घरी जागा नसेल तर समाजमंदिरात किंवा शाळेच्या ओट्यावर आठवड्यातून एकदा बसायचं. जिला येतं तिने शेजारणीला शिकवायचं, पण तिच्या हातातली करवत काढून घेऊन ‘दाखवते’ म्हणायचं नाही. आपले हात पाठीमागे बांधून, फक्त तोंडाने सांगायचं. नवखीला चुकायची मोकळीक द्यायची. आयुष्यभर आपल्याला ती कोणी दिली नाही, निदान आपण एकमेकींना देऊ.

आणि सगळ्यांनी मिळून करायचं पहिलं मोठं काम मी सुचवू का? आपल्या नाशिक जिल्ह्याचे पंधरा तालुके. प्लायवुडवर नकाशा उतरवायचा, प्रत्येक तालुका वेगळा कापायचा, रंगवायचा आणि अंगणवाडीला द्यायचा. सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत, मालेगावपासून आपल्या इगतपुरीपर्यंत. इगतपुरीचा तुकडा दक्षिणेला कळसूबाईच्या डोंगराजवळ येतो. त्याची कडा चांगलीच वेडीवाकडी आहे, ती कापताना दोन-चार पाती जातील. कापू द्या. मुली तो नकाशा जुळवतील, तेव्हा त्यांना विचारू दे की हा कोणी केला. उत्तर देताना सगळ्या जणींची नावं सांगा, आणि नकाशाच्या मागे ती लिहूनही ठेवा.

आता बोलणं पुरे. बाहेर ओसरीवर चार फळ्या क्लँपने आवळून ठेवल्यात आणि प्रत्येकीसाठी एक-एक तुकडा प्लायवुड आहे. पदर खोचा आणि या.