मुले मोठी होतात तेव्हा
(वार्षिक सभेत बालविकास विभागाच्या वतीने केलेले भाषण)



विभागाच्या वर्षभरातील कार्याचा आढावा अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज मी एका वेगळ्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ज्या मुलांना आपण लहानपणी वाचोपचार व व्यवसायोपचार दिले, ती आता विशी-पंचविशीत आली आहेत. त्यांचे आईवडील विचारतात, "डॉक्टर, आता याने काय करायचे? आणि आमच्या पश्चात?"

स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता हा औषधाने बरा होणारा आजार नव्हे. तेथे मेंदूची जडणघडणच निराळी असते आणि ती जन्मभर सोबत राहते. म्हणून माणूस बदलण्याची वाट न पाहता कामाची जागा त्याला मानवेल अशी करणे, हेच आपल्या हाती उरते.

हा धडा आम्हांला आपल्याच इमारतीत मिळाला. अभिलेख कक्षातील जागेसाठी एका स्वमग्न तरुणाने अर्ज केला होता. मुलाखतीत तो नजरेला नजर देईना. "स्वतःविषयी सांगा" म्हणताच गप्प झाला. आम्ही त्याला नाकारले. ज्या लक्षणांवरून आम्हीच त्याचे निदान केले होते, त्याच लक्षणांसाठी त्याला परत पाठवले! त्याच्या आईने एवढेच विचारले, "चार दिवस काम देऊन पाहाल का?" आम्ही काम दिले आणि त्याने ते चोख केले.

महिनाभराने मात्र तो गैरहजर राहू लागला. चौकशी केली तेव्हा कारण कळले. त्याच्या डोक्यावरच ध्वनिक्षेपक होता आणि तीन जण तीन प्रकारच्या तोंडी सूचना देत होते. आम्ही टेबल हलवले. सूचना एकाच व्यक्तीने, त्याही लिहून द्याव्यात असे ठरवले. वेळेतला बदल आदल्या दिवशी सांगू लागलो. या सर्वांस खर्च असा काही आलाच नाही. तो आजही कामावर आहे.

डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोन्ने यांनी आपला मुलगा स्वमग्न असल्याचे कळल्यावर २००४ मध्ये 'स्पेशालिस्टर्ने' ही संस्था स्थापन केली. संगणक-प्रणाली तपासण्याचे काम तिने अशा व्यक्तींवर सोपवले. तेथेही पारख मुलाखतीतील बोलण्यावरून नव्हे, प्रत्यक्ष कामावरून होते.

आपल्याकडे १९९५ च्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांसह २१ प्रकारांना मान्यता दिली. शासकीय आस्थापनांतील ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का या दोन्हींसह बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांसाठी मिळून आहे. वाजवी सोयी नाकारणे हा भेदभावच होय, असेही हा कायदा म्हणतो. परंतु कायदा दार उघडतो. आत बसायला जागा मात्र माणसांनीच करून द्यावी लागते.

देणगीदारहो, आपल्या औदार्यावर हे रुग्णालय उभे आहे. आपल्यापैकी अनेकांचे कारखाने, दुकाने, कचेऱ्या आहेत. आज मी पैसे मागत नाही. आपल्या आस्थापनेत एक जागा आणि चार दिवसांची संधी मागतो. कामाच्या ठिकाणी काय बदलावे, हे सांगण्यास आमचा विभाग येईल. त्या आईवडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आपणा सर्वांनाच मिळून द्यावयाचे आहे.